दोन बोटं गवत आणि दादाची लाइन

पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर काय झालं असतं?

हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा." बाहेर तात्या बसले होते, त्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "च्या घे." आईला विचारलं, तर तिनं नुसता माझ्या तोंडावरनं हात फिरवला. वहिनीला विचारायची हिंमत झाली नाही.

मग मी विचारायचं बंद केलं आणि किस्से सांगायला लागलो. भेटायला लोक येतात, सतरंजीवर गप्प बसतात, पंख्याकडं बघतात. मला गप्प बसणं जमत नाही, कधीच जमलं नाही. मग मीच सुरू करतो, "तुम्हाला ते कवळीचं सांगितलं का?" आमच्या गवत कापायच्या मशीनच्या मागं एक पिशवी असते. कापलेलं गवत त्यात उडून पडतं. चालताना भरतेय हे कळत नाही. हँडल जड झालं की कळतं. दादाच्या किश्शांचं तसंच झालंय. तो होता तोवर आम्ही कापत पुढं चाललो होतो, मागं काय साठतंय ते बघितलंच नाही.

आम्ही तिघं होतो. दादा, मी आणि सोपानतात्या. तात्या नात्यातले नाहीत, पण सगळ्यांचे तात्या. काम गवत कापायचं. शेतातलं नव्हे, लॉनचं. बारामतीतले बंगले, कॉलेजची हिरवळ, इंदापूर रोडची लग्नाची कार्यालयं. गावात कुणीतरी विचारायचंच, "गवत कापून पोट भरतं व्हय रं?"

दादा म्हणायचा, "न्हाव्याचं केस कापून भरतं की. आन् गवत तर डोकं बी हलवत न्हाय!"

*

मी आठवीत शाळा सोडली. म्हणजे सरांशी भांडून वर्गाच्या खिडकीतनं बाहेर उडी मारली आणि परत दारातनं आत गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी दादानं मला कामावर नेलं. वाटलं, मशीन हातात देईल. त्यानं माझ्या चपला काढून घेतल्या.

"चाल," म्हणाला.

"कुठं?"

"सगळीकडं."

हा त्याचा नियम. मशीन लावायच्या आधी अख्ख्या लॉनवरनं अनवाणी चालायचं. लग्नाच्या लॉनवर काय काय पडलेलं असतं! मंडपाचे खिळे, तारा, बाटल्यांची झाकणं, लहान पोरांची खेळणी. पायाला लागलं की उचलायचं. मी दोन दिवस चाललो. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, दादा पेट्रोल आणायला गेला होता, मी डायरेक्ट मशीन चालू केलं. दहा पावलांवर 'खडाक' झालं आणि पात्याचा तुकडा उडून कंपाउंडच्या भिंतीत बसला. खाली मंडपाचा खिळा निघाला.

मला वाटलं, दादा मारणार. त्यानं तुकडा उचलला, खिशात टाकला आणि म्हणाला, "दत्या, पायाला टोचलं तर एक माणूस लंगडतो. पात्याला टोचलं तर तीन माणसं घरी बसत्यात."

त्यानंतर मी कायम चाललो. एकदा कार्यालयाच्या लॉनवर चालता चालता दादाच ओरडला, "आयला, चावलं काय तरी!" साप असेल म्हणून तात्या खुर्चीवर चढले. बघतो तर कवळी! वरच्या दातांची अख्खी कवळी, गवतात हसत पडलेली. आदल्या दिवशीच्या लग्नातली. मालकांनी चार फोन केले, तेव्हा कळलं की पिंपळीच्या एका आजोबांची आहे. दादा मोटरसायकलवरनं स्वतः द्यायला गेला, मी मागं बसलो. आजोबांनी कवळी घेतली, धोतराला पुसली, तोंडात बसवली आणि पहिलं वाक्य म्हणाले, "मठ्ठा लय गार व्हता रं!"

*

आता दादाची खरी खोड सांगतो. सगळे किस्से तिथनंच निघतात आणि तिथंच जाऊन थांबतात.

कापून झालं की लेव्हल बघायची त्याची एक पद्धत होती. उभ्यानं बघून कळत नाही म्हणायचा. संध्याकाळचं तिरपं ऊन पाहिजे आणि डोळा गवताच्या उंचीला पाहिजे. म्हणून तो चक्क आडवा व्हायचा. पालथा, एक गाल मातीला, एक हात पुढं पसरलेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलायचा नाही. मग उठून बरोबर त्या जागी जायचा जिथं चार काड्या वर राहिल्यात.

बारामतीत एका रिटायर झालेल्या प्रोफेसर बाईंच्या बंगल्यावर आमचा पहिलाच दिवस. दादा मागच्या लॉनवर आडवा झाला. मी आणि तात्या पुढं गेटपाशी होतो. बाई चहा विचारायला मागं गेल्या आणि अशा किंचाळल्या की शेजारचे दोन्ही बंगले गोळा झाले. कुणी म्हणालं फिट आली, कांदा आणा. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा. एक गृहस्थ खरोखर चप्पल घेऊन वाकले.

दादानं गाल न हलवता डोळा वर केला आणि म्हणाला, "बाई, जरा बाजूला सरका. सावली पडती."

ती बातमी गिऱ्हाइकांत अशी पसरली की पुढं कुणी घाबरेना. नवीन वॉचमन असला तर जुना त्याला सांगायचा, "तो पडलेला माणूस हाय ना, त्याला उचलायचा न्हाय. तो काम करतोय."

त्याला उठवायची युक्ती तात्यांनी शोधली होती. चहाचा कप त्याच्या नाकाजवळ गवतात ठेवायचा. वाफ लागली की दादा उठून बसायचा!

*

काटेवाडीजवळ एका शेतकऱ्यानं नवं घर बांधलं आणि पुढं लॉन केलं. मुलाची हौस. त्याचे वडील, आबा, पहिल्या दिवसापासून चिडलेले. आम्ही मशीन उतरवलं की ते काठी घेऊन ओट्यावर येऊन बसायचे.

"ह्याला पाणी घालायचं, खत घालायचं, वाढवायचं. आन् वाढलं की कापायचं. ह्याला शेती म्हणत्यात व्हय?"

एक दिवस आम्ही पोचलो तर लॉनच्या मधोमध म्हैस! आबांनीच आणून बांधलेली. म्हणाले, "तुमच्या मशीनला पेट्रोल लागतं. ही फुकाट कापती!"

मी भांडायलाच निघालो होतो. दादानं मला मागं ओढलं, वाकून म्हशीच्या पुढचं गवत बघितलं आणि म्हणाला, "आबा, कापती झ्याक. फकस्त मागं शिक्का मारती."

आबा असे हसले की काठी पडली. त्या दिवसापासून ठरलं, कापलेलं सगळं गवत पिशवीतनं थेट म्हशीच्या गव्हाणीत. परवा ते आबा आले होते घरी. दारातच थांबले, आत येईनात. म्हणाले, "म्हस दावणीला वाट बघती रं." एवढंच बोलून परत गेले.

*

माझी चूक सांगतो. म्हणजे आधीची चूक.

दादाचं माप दोन बोटं. गवतात दोन बोटं आडवी ठेवायची, टोकं तेवढीच वर दिसली पाहिजेत. त्याच्या खाली पातं न्यायचं नाही. उन्हाळ्यात तर नाहीच नाही. पण आधी लांबीनं उभा हात मारायचा, मग रुंदीनं आडवा, आणि ह्या सगळ्याला वेळ लागतो. मला घाई. एका कॉलेजात दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, मोठे पाहुणे येणार होते. दादा दुसऱ्या कामावर. मी विचार केला, पात्याच्या उंचीचा खटका दोन घरं खाली घेतला तर एका हातात काम होईल आणि महिनाभर परत यायला नको. घेतला. बारीक झालं, गालिच्यासारखं वाटलं. सकाळी येऊन बघतो तर सगळं पिवळं! मुळांपर्यंत खरवडलेलं, मध्ये माती दिसतेय. चाई पडल्यासारखं.

दादा आला. बघितलं. ओरडला नाही. शेजारच्या मैदानावर मशीन फिरवलं, तीन पिशव्या हिरवं गवत काढलं आणि आम्ही तिघांनी पिवळ्यावर ते पसरलं. चिमटीनं, रांगोळी घालतात तसं. पाहुणे आले. भाषणात म्हणाले, "किती सुंदर हिरवळ राखली आहे!" टाळ्या पडल्या. आणि त्याच टाळ्यांत वारं सुटलं. सगळी हिरवळ उठली आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसली!

मी झाडामागं लपलो. दादा म्हणाला, "वाऱ्याला खोटं बोलायचं शिकवलं न्हाय कुणी."

त्यानंतर शेवटचा आडवा हात त्यानं मला कधी दिला नाही. उभा मी, आडवा तो. मला ते लागलं. एकदा मी चिडून म्हणालो, "तुझ्यापेक्षा सरळ लाइन काढतो मी!" खोटं होतं. माझ्या पट्ट्याची लाइन कायम वाकडी. मशीनकडं बघत चालायचो. तो सांगायचा, "मशीनकडं बघू नकोस. समोर एक खांब धर आन् त्याच्याकडं चाल. मशीन आपोआप येतं."

मी म्हणालो, "आन् तुझी वाकडी झाली तर?"

तो हसला. तात्यांच्या समोर म्हणाला, "ज्या दिवशी माझी लाइन वाकडी दिसंल, त्या दिवशी मशीन तुझं."

मग काय! रोज मी त्याच्या मागं मागं लाइन बघत हिंडायचो. चार वर्षं. एक लाइन वाकडी नाही.

*

हा किस्सा वहिनीचा आहे. ती तो दर दिवाळीला सांगायची.

"लग्नात अंतरपाट धरला व्हता. मंगलाष्टका चाललेल्या. मी खाली बघतीय, तर ह्यांचं डोकं अंतरपाटाच्या खालनं दिसाय लागलं! मला वाटलं, धीर न्हाय माणसाला, आत्ताच तोंड बघतोय. लाजून मेले मी. रात्री विचारलं, तर म्हणत्यात कसं, 'तुला कोण बघत व्हतं? मामानं अंतरपाट डावीकडं खाली धरला व्हता.'"

आता ती तो सांगत नाही. मीच सांगतो. ती आतनं ऐकते, भांड्यांचा आवाज थांबतो.

*

इंदापूर रोडच्या एका कार्यालयाचं लॉन. परवावर लग्न. मी उभा हात सकाळी मारून दिला होता. दुपारनंतर दादा आडव्या हाताला लागला. सकाळपासून डावा खांदा चोळत होता. मी म्हणालो, "म्हातारा झालास." तो म्हणाला, "तुझ्यामुळं."

अर्धं लॉन झालं असेल. तात्या चहा आणायला गेले. मी भिंतीकडेच्या कडा कापत होतो. मशीन बंद झाल्याचा आवाज आला. हँडल सोडलं की आमचं मशीन बंदच होतं. बघितलं तर दादा आडवा. पालथा, एक गाल मातीला, एक हात पुढं. नेहमीसारखा.

मी परत कडेला लागलो. मग सहज लाइनकडं नजर गेली.

वाकडी!

अख्खं लॉन सुतासारखं आणि शेवटचा पट्टा डावीकडं वळत गेलेला. माझा विश्वास बसेना. चार वर्षं मी ह्याची वाट बघत होतो. मी उड्या मारल्या. खोटं नाही सांगत, खरोखर उड्या मारल्या. तिथनंच ओरडलो, "दादा! मशीन माझं!"

तो काही बोलला नाही. मला वाटलं, हरलाय, म्हणून तोंड लपवतोय.

मी मोबाइल काढला. वाकडी लाइन आणि शेजारी आडवा दादा, बरोबर एका फोटोत घेतला. आम्हा लॉनवाल्यांचा ग्रुप आहे, त्यावर टाकला. खाली लिहिलं, 'उस्ताद वाकडा! मशीन माझं!' लगेच तिघांनी हसणारी तोंडं पाठवली. दादाच्या खिशातला फोन पण वाजला, टिंग. मी तो आवाज ऐकला. म्हटलं, आता बघेल.

फोटोवर चार वाजून दहा मिनिटं आहेत. तात्यांनी चहाचा कप दादाच्या नाकाजवळ ठेवला, वाफ येऊन गेली, दादा उठला नाही, तात्यांनी त्याला पालथ्याचा उताणा केला आणि मला हाक मारली. मी गाडीसाठी फोन लावला. त्यावर चार पंचवीस आहेत.

दादा कधीही, कधीही वाकडी लाइन तशीच ठेवून लेव्हल बघायला आडवा झाला नसता. आधी लाइन सरळ केली असती. हे मला माहीत होतं. जगात सगळ्यात जास्त मलाच माहीत होतं.

*

दहावा कऱ्हेच्या घाटावर झाला. माझं डोकं भादरलं. तात्यांनी त्यावरनं हात फिरवला आणि त्यांच्या तोंडातनं निघून गेलं, "दोन बोटं तरी ठेवायची." आणि मग स्वतःच टॉवेल तोंडाला लावून बसले.

पिंडाला कावळा शिवेना. वहिनी म्हणाली, "पोरीला शिकवीन." नाही. आई म्हणाली, "सुनंला अंतर देणार न्हाय." नाही. मामा म्हणाले, काका म्हणाले. कावळे झाडावर बसून बघतायत नुसते. सगळे माझ्याकडं बघायला लागले. काय बोलायचं ते मला माहीत होतं. पण एवढ्या लोकांत ते मला बोलवेना. फोटोचं वहिनीला कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. तात्या म्हणाले, "जन्मभर गवत कापलं, पर गवतानं डूख धरला न्हाय. शेवटी त्येच आलं."

*

घाटावरनं आलो, पण घरात शिरलो नाही. शेडमधनं मशीन घेतलं आणि कार्यालयावर गेलो.

मालकांनी दुसरा माणूस बोलावला नव्हता. लग्न तसंच उरकलं, न कापलेल्या अर्ध्यावर गालिचे टाकून. मला बघून मालकांनी गेट उघडून दिलं. गवत दहा दिवसांचं वाढलेलं, पण कापलेलं आणि न कापलेलं ह्याच्यातली पायरी अजून दिसत होती. सरळ, सरळ, सरळ आणि शेवटी डावीकडं गेलेली.

चपला काढल्या. सगळीकडं चाललो. एक खिळा, दोन झाकणं आणि एका कपाचा कान सापडला. खटका बघितला, बोटं लावून बघितली. उभा हात मारला. मग आडवा. दादा पडला होता तिथपर्यंत आलो. समोरच्या भिंतीपाशी दिव्याचा खांब आहे, तो धरला आणि निघालो. मशीनकडं बघितलं नाही. मध्ये खांब एकाचे दोन दिसायला लागले. मग दोन्हींच्या मधनं चाललो.

कापून झाल्यावर ऊन तिरपं झालं होतं. मी आडवा झालो. गाल मातीला लावला. दहा आकडे मोजून होतात न होतात, तोच वॉचमन मामा चप्पल हातात घेऊन पळत आले, "ए पोरा! उठ! उठ रं!" त्यांना धाप लागली होती.

मी म्हणालो, "मामा, सावली पडती."

मामा सरकले. उभे राहिले तिथंच, जाईनात. मी नीट बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अंधार पडायच्या आत घरी आलो. पातं धुतलं, पुसलं, तेल लावलं. पिशवी झटकली. वहिनी दारात आली. म्हणाली, "भावजी, आता मशीन तुम्हीच घ्या. तुमचंच हाय आता."

मी म्हणालो, "न्हाय वहिनी. लाइन सरळ हाय. मी बघून आलोय."

तिला काही कळलं नाही. मी मशीन ढकलत पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, दादा लावायचा त्या जागी, भिंतीला तोंड करून लावलं आणि त्याचं पोतं त्याच्यावर घातलं.